लाँचवरचा मांडव

हसा खुशाल, पण भाटघरच्या पाण्यावर मी मांडवाला बोट ओढताना पाहिलंय. धरणावरच्या गोऱ्या साहेबाला त्याच्या मोटारबोटीवर काढता-घालता येईल अशी सावली हवी होती. उत्रोलीच्या आमच्या मांडववाल्या सदूमामांनी चार बांबू रोवून वर लग्नाची कनात ताणली.

साहेबासोबत आम्ही सगळे बोटीत बसून निघालो आणि भर पाण्यात इंजिन बंद पडलं. बोट धरणाच्या उघड्या दारांकडं खेचली जाऊ लागली.

"मामा, छप्पर निकालो, बोट उलटेगा!"

"नारळ फोडल्याबिगर मांडव सुटत न्हाई, सायेब!"

तेवढ्यात वारं फिरलं, कनात फुगली आणि बोट पाण्याला जेमतेम शिवत मागं निघाली, ती थेट काठावरच्या भातखाचरात. साहेबानं टोपी काढून कनातीला सलाम ठोकला.

धुणं टाकून आलेली म्हातारी मला हळूच म्हणाली, "वरात झ्याक हाय, पर नवरदेव लई भ्यालाय रं!"