माणशी एकच डबी

केंटकीतल्या आमच्या गावात बऱ्याच दिवसांनी काडतुसातली दारू पेटवणाऱ्या टोप्या आल्या होत्या. रिकामी काडतुसं घरीच पुन्हा भरणाऱ्यांची सकाळपासून दुकानाबाहेर रांग लागली होती. माझ्यापुढे एमेट आणि त्याचा शेजारी व्हर्जिल, दोघे म्हातारे, उभे होते.

"हाताला पट्टी कसली रे, एमेट?"

"माझं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्वर फुटलं. गोळ्यांच्या चक्राचे तुकडे झाले."

"तुला सांगत होतो, आजोबाच्या वयाचं लोखंड आहे ते. त्यात हलकी काडतुसं घाल."

"हलकीच भरतो. पण एका काडतुसात दारू दोनदा पडली."

"पिऊन बसला होतास काय भरायला?"

"दारू काडतुसात पडली, लेका, माझ्यात नाही. एकदा घातली, तेच आठवलं नाही. परवा बायकोला, लोरीनलाही औषधाची गोळी दुसऱ्यांदा देत होतो. तिनंच हात धरला."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं. तो म्हणाला, आता हे विसरणं असंच चालायचं. भरायचं यंत्र सकाळी तुझ्या पडवीत ठेवून आलोय. तूच वापर."

"आणि तू?"

"मी आता नाही भरणार. कंटाळलो रे, स्वतःवर पहारा ठेवून."

"मग या थंडीत रांगेत कशाला तंगड्या मोडतोयस?"

"टोप्यांची माणशी एकच डबी देतायत. तुला एका डबीत काय होणार?"



"शनिवारी ये माळावर. मी भरून आणतो, तू गोळ्या झाड."

"कशानं झाडू?"

"माझं आहे ना. फुटलं तर दोघांचं फुटेल."