दोन बोटं कमी

हसू नका हो काका, पॉलिशपेपर मीच मारला — आणि शिकलेली बाई ना मी, म्हणून आधी वहीत आकृती काढली आणि मग मारला! बाण डावीकडे जातो म्हणजे बाणाची काडी ताठ, धनुष्याला वळसा घालताना वाकत नाही — हे तुम्हीच शिकवलंत की नाही? मग मी काडी घासून बारीक केली. सहातल्या दोनच हो! आणि त्या दोन्ही गेल्या की बरोब्बर मधे. आता उरलेल्या चार तुम्ही घासा, दोरी मुठीपासून वीतभर आहे का बघा, पिसं बघा आणि मला मोकळी करा. उद्या संघाची निवड आहे. नाही जमलं तर धनुष्य वन्संना देऊन टाकीन, असं मी सगळ्यांसमोर बोलून बसलेय. का बोलले? तोंड आहे म्हणून बोलले, दुसरं काय!

आता हा लाल दोरा कशाला बांधताय काडीवर? माझी मागच्या वर्षीची ओढ, दोरी किती मागे यायची ते? ती लिहून ठेवलीत तुम्ही? बरं, ओढते — हे बघा, पूर्ण ओढलं. दोरा मुठीशी यायला हवा? मग हा पलीकडे का राहिलाय — दोन बोटं? म्हणजे काड्या चांगल्याच होत्या, मीच कमी ओढतेय म्हणून वाकत नव्हत्या? छे! आठ किलोचं पोर दिवसभर कडेवर घेऊन फिरते मी, ताकदीचं नका सांगू मला. ताकद नाही हो... कान. कुणाला बोलू नका — दोरी ओढली की माझा कान त्याच्याकडे जातो. तो घरी बापाच्या मांडीवर खिदळत असतो आणि मला मैदानावर त्याचं रडू ऐकू येतं. पूर्वी दोरी ओठाच्या कोपऱ्याला टेकायची, आता नाकासमोर आली की वाटतं, सोडा एकदाचं आणि पळा. सासूबाई म्हणतातच, ही आंघोळसुद्धा अर्धी टाकून पळते. त्यावरून भांडलेय मी त्यांच्याशी. आता कबूल करू? मुळीच नाही!

द्या, न घासलेली द्या. आत्ता तर तो इथंच निजलाय, तुमच्या बाकाशेजारी, मला दिसतोय — ओठाचा कोपरा, दोरा मुठीशी — गेला! अगदी मधे! आता माझी विद्वत्ता बघू, घासलेली द्या — अगं बाई! जास्तच वाकली, उजवीकडे — तुमच्या वाळत घातलेल्या शर्टात! भोक पडलं? शिवून देईन हो, आधी त्या घासलेल्या दोन्हींच्या जागी दोन नव्या काड्या द्या. तोवर ही न घासलेली दुसरी —

उठला. रडतोय. ऐकू आलं मला, बहिरी नाही मी. माझ्याकडे काय बघताय — उचला ना त्याला! दोन्ही हातांनी. आणि सांगू नका मला भूक लागलीय का ओला झालाय, दोरा अजून मुठीशी आलेला नाही. श्श, काका. एक शब्द नको.