मिसेस आका

(संध्याकाळ. गंगावेशीमागच्या बोळात घराला लागून असलेला गोठा. आई म्हशीची धार काढतेय, पप्पा पाटीत सरकी पेंड भिजवताहेत. संयोगिता शाळेच्या गणवेशातच, दप्तर पाठीला, दारात उभी.)

संयोगिता : सांगा की मग. शाळेत माझी आई कोण?

पप्पा : हे काय नवीन?

संयोगिता : नवीन नाही, जुनंच आहे. मोनानं पैज लावलीय. वर्गातल्या सगळ्यांच्या देखत म्हणाली, घरी जाऊन दोघांना समोर उभं करून एवढा एकच प्रश्न विचारून दाखव, तर तू खरी हाऊस कॅप्टन. मी विचारला. आता उत्तर द्या.

पप्पा : कोण मोना?

संयोगिता : अहो, रविवारी तिच्या पप्पांबरोबर धारोष्ण दूध प्यायला नव्हती का आली? लाल गाडीतनं? आईनं तिला पेला भरून दिला, आणि वर म्हणाली, “बाळा, मिशा पूस.” मोना मला कोपऱ्यात घेऊन विचारते, “ही तुमची कामवाली किती गोड आहे गं!” मी म्हटलं, कामवाली नव्हे, माझी आई आहे ती. तर ती म्हणते, “मग पॅरेंट्स मीटिंगला येतात त्या मिसेस आका कोण?”

आई : हळू बोल. चंद्री पान्हा चोरंल.

संयोगिता : चोरू दे!

आई : चोरू दे काय? रतीब तुझी मोना घालणार हाय?

पप्पा : थांब, थांब. तू त्या पोरीला खरं सांगून बसलीस? अगं, शनिवारी धाकट्या गार्गीची शाळेची मुलाखत हाय! गावभर झालं म्हंजे?

संयोगिता : म्हणूनच तर विचारतेय. गार्गीच्या ॲडमिशनला पण तुमच्या दोस्ताची बायको, शर्मिष्ठाकाकूच आई होणार ना?

पप्पा : ठरलंय की ते. तिनं तिच्या इंग्लिशच्या क्लासला सुट्टी पण टाकलीय शनिवारची. साडीसुद्धा इस्त्रीला दिलीय म्हणाली.

संयोगिता : कुणाची साडी?

आई : माझी. इरकल. यंदा एथनिक लूक करायचाय म्हणाली.

संयोगिता : वा! नाव आईचं, साडी आईची. आता कपाळावरचं कुंकू पण आईनंच लावून पाठवायचं.

पप्पा : संयू, तुला कळायचं नाही ते. तुझ्या वेळी शाळेनं स्पष्ट सांगितलेलं, आई-बाप दोघांना बोलावणार, समोर बसवून बोलणार. आणि दाखल्यावर आईचं नाव आक्काताई. मग शर्मिष्ठाला आक्काताईच व्हायला लागलं. ती बिचारी कुणासाठी गेली? तुझ्यासाठी. तुझ्या आईला त्या मॅडमनं “व्हॉट इज युवर नेम” विचारलं असतं तर?

आई : आक्काताई म्हणून सांगिटलं असतं. तेवढं येतंय मला.

पप्पा : नावावर भागत नसतंय. मुलीची हॉबी काय, टीव्ही किती बघते, पॅरेंटिंगमध्ये तुमची फिलॉसॉफी काय, असलं विचारतात.

आई : मग तुमी काय सांगिटलासा?

पप्पा : मी कशाला बोलतोय? शर्मिष्ठा बोलली सगळं. मी मान हलवत होतो.

संयोगिता : मग पप्पा, तुमच्या जागी पण एखादा काका न्यायचा होता की. मान काय, कुणीही हलवली असती.

पप्पा : तोंड आवर! कॅप्टन शाळेत असशील, गोठ्यात न्हाई. हे फडाफडा बोलायला कुठं शिकलीस? त्याच शाळेत ना? फी भरतोय म्हणून ऐकून घ्यायला लागतंय मला हे.

संयोगिता : कोण भरतंय?

पप्पा : म्हणजे?

संयोगिता : फी कुठल्या खात्यातनं जाते, पप्पा?

पप्पा : दुधाचं बिल जमा होतंय त्या खात्यातनं. घरचंच हाय की. दुकानाच्या खात्यातनं खेळतं भांडवल काढून चालत न्हाई, तुला सांगितलंय मागं.

संयोगिता : आणि दुधाचं खातं कुणाच्या नावावर?

आई : ऱ्हाऊ दे ग. पैशावरनं नको.

संयोगिता : पैशावरनं मी बोलत नाही, आई. पैशावरनं शाळा बोलली. आज मधल्या सुट्टीत मी ॲडमिशनच्या ऑफिसात गेले होते.

पप्पा : काय?

संयोगिता : गेले. बूट पुसले, टाय सरळ केला आणि गेले. मॅडमना विचारलं, समजा एखाद्या मुलाच्या आईला इंग्लिश येत नसेल, तर तुम्ही ॲडमिशन देत नाही का?

पप्पा : झालं! संपलं! आठ वर्षांची मेहनत मातीत!

संयोगिता : ऐका तर! मॅडम म्हणाल्या, असला नियम आमच्याकडे कधीच नव्हता. बघायचं ते मुलाला बघतो, आईवडिलांशी नुसत्या गप्पा मारतो. ज्यांना इंग्लिश अवघड जातं त्यांच्याशी मराठीत बोलतो. आणि पप्पा, त्या स्वतः कुठल्या आहेत माहितीय? मलकापूरच्या! खुर्चीत जरा मागं रेलून म्हणाल्या, “मला काय मराठी येत न्हाई व्हय?”

आई : मलकापूरच्या? माझी मावशी दिलीया तिकडं.

पप्पा : आत्ता म्हणतात. त्या वेळी म्हणत नव्हते. शर्मिष्ठाच्या पृथ्वीराजनं मला सांगितलेलं, आईला इंग्लिश पाहिजेच म्हणून.

संयोगिता : पृथ्वीराजकाकांनी सांगितलं. शाळेला विचारलं होतं का तुम्ही?

पप्पा : असलं कोण विचारतंय? विचारलं म्हणजे कळलंच की त्यांना.

संयोगिता : त्यांना कळलेलंच आहे. मॅडम मला म्हणाल्या, “संयोगिता, तुझ्या आईविषयी विचारतेस ना?” मग म्हणाल्या, “तुझी फी दुधाच्या बिलाच्या खात्यातनं येते. आणि तुझी मम्मी आमच्या फूड फेस्टिवलला येऊन सांगते की तिला दुधाची ॲलर्जी आहे. आम्हाला काय समजत नाही?”

आई : ॲलर्जी? शर्मिष्ठाला? रोज दोन लिटर नेती की ती!

संयोगिता : तेही फुकट.

आई : सायीसकट.

पप्पा : मग? पुढं काय म्हणाल्या? काढणार का तुला?

संयोगिता : नाही. पुढं जे म्हणाल्या ते ऐकून मला तिथंच रडू आलं असतं, पण मी रडले नाही. म्हणाल्या, “फी वेळेवर येते, मुलगी हुशार आहे, आम्ही कशाला विचारायचं? तुमच्या घरचा प्रश्न.” आणि मला चॉकलेट दिलं.

पप्पा : म्हणजे त्यांना माहीत हाय, आणि चालतंय!

संयोगिता : हो.

पप्पा : मग झालं की! कसलं टेन्शन दिलंस मला. त्यांना माहीत, आपल्याला माहीत, कुणाचं काही अडलं का? शनिवार तेवढा जाऊ दे. गार्गीला बहिणीची सवलत मिळून जाईल, इयर वनला बसंल, की शर्मिष्ठाला हळूहळू कमी करू. तब्येत बरी नसते म्हणून सांगू.

संयोगिता : म्हणजे आईला आजारी पाडणार? इथं ती रोज पहाटे उठून धारा काढणार, आणि शाळेत अंथरुणाला खिळलेली?

आई : चंद्रे, ए, सरळ उभी ऱ्हा. काय नाचालीस?

संयोगिता : आई, तुला काहीच वाटत नाही का गं?

आई : वाटून काय करू? तुझ्या वेळंला मीच व्हय म्हणालो. म्हटलं, पोरगी शिकंल. माझ्यावाचून शिकत असंल तर माझ्यावाचून शिकू दे.

संयोगिता : पण पप्पा शाळेला घाबरले आणि सगळ्याची शिक्षा तुला.

आई : शाळेला कोण घाबरलंय?

पप्पा : अगं ए. धार काढ तू.

आई : धारच काढतोय. इतकी वर्सं तीच काढतोय.

संयोगिता : आई, काय ते बोल.

आई : शाळा बघायला गेलतो आमी, संयू. शर्मिष्ठाचं ठरायच्या आदी. मी बी गेलतो. सकाळच्या धारा उरकल्या, डोक्यावरनं पाणी घेटलं, हीच इरकल नेसलो. तुला मधी धरून चाललोय आमी. तू सारखी उड्या मारत होतीस. गेटावर एक माणूस वही घिऊन बसलेला. त्यानं ह्यास्नी विचारलं, “या कोण?”

पप्पा : आता ते कशाला?

आई : ह्यांनी सांगिटलं, “गावाकडच्या हायत. पोरीला सांभाळायला आणल्यात.”

संयोगिता : पप्पा?

आई : मग त्या माणसानं मला डायवर लोकांच्या बाकड्यावर बसवलं. चांगला होता बिचारा. च्या दिला, बिस्कीट दिलं. तुमी दोघं आत गेलासा. तू वळून वळून बघालतीस.

संयोगिता : पप्पा, हे खरं आहे?

पप्पा : तोंडातनं निघून गेलं गं. म्हणजे मागं एक मोठी मोटार थांबलेली, त्यातनं नवराबायको उतरले, गॉगल, इंग्लिश, वास मारत होता सेंटचा. आणि ही माझ्या शेजारी. हिच्या हाताला धारेचा वास. माझ्या मनात काही नव्हतं. निघून गेलं तोंडातनं.

संयोगिता : आणि पुन्हा तसं निघून जाऊ नये म्हणून काकूला आणलं.

पप्पा : तसं नव्हे.

संयोगिता : मग कसं?

पप्पा : एकदा तसं सांगितल्यावर दुसऱ्या वेळी हिला बायको म्हणून कशी नेणार होतो? तो माणूस तिथंच बसलेला असायचा की.

आई : एवढं तरी आज बोललासा.

संयोगिता : एका वॉचमनसमोर लाज वाटली म्हणून? पप्पा, तो वॉचमन कधीच गेला सोडून! मी इयर फोरमध्ये असताना गेला!

पप्पा : ओरडू नको.

आई : माझं जाऊ दे. मला सवं झाली. शाळेच्या कोपऱ्यावर तुला सोडलं की माघारी वळायचं, हे पायांनाच ठावं झालंय. पर गार्गीला नको.

पप्पा : गार्गीचं काय झालं आता? पाच वर्षांची पोर ती. तिला खेळ वाटतोय. शर्मिष्ठा रोज येऊन शिकवते. “मम्मी कोण?” म्हटलं की तिच्याकडं बोट दाखवायचं, लगेच लिमलेटची गोळी. मजेत चाललंय.

आई : व्हय. आणि मला काकू म्हणायचं.

पप्पा : तेवढं मुलाखतीपुरतं.

आई : परवा पायरीवर पडली ती. गुडघा फुटला. तुमी दुकानात होतासा. रडत रडत पळत आली माझ्याकडंच, दुसऱ्या कुणाकडं गेली न्हाई. पदर धरला, त्यात तोंड खुपसलं, आणि म्हणाली, “काकू, लागलं.”

संयोगिता : आई...

आई : मी हळद लावली.

पप्पा : विसरून जाईल गं ती. लहान हाय.

आई : इसरंल की. पर दोन्हीतलं कुठलं इसरंल, ते ठावं हाय तुमाला?

पप्पा : पेंड भिजली हाय. घालू का हिला?

आई : बघा. चोरला पान्हा चंद्रीनं. अर्धी बी झाली न्हाई बादली. मोठ्यानं बोललेलं जनावराला कळतंय.

पप्पा : शनिवारी अचानक हिला नेलं तर सगळे काय म्हणतील, ह्याचा विचार केलाय का कुणी? शाळेतल्या आयांच्या ग्रुपात शर्मिष्ठा हाय, आका म्हणून. केक आणते, फोटोत असते. “आका, व्हॉट अ नेम!” म्हणतात तिला. मोनाचा बाप, तो लाल गाडीवाला, माझ्या दुकानातनं पेंड नेतोय. मी तोंड कुठं दाखवू?

संयोगिता : तेच तोंड, पप्पा, ज्यातनं निघून गेलं होतं.

आई : संयू! बाप हाय तुझा.

संयोगिता : माहिती आहे. आमच्यात कुणाचा बाप कोण, ह्यात कधी गोंधळच झाला नाही.

आई : आणि मला जमंल का ग तिथं? आत गेल्यावर पाय कुठं ठेवायचे हे बी मला ठावं न्हाई. फरशी लई चकाकती म्हणत होतीस.

संयोगिता : फरशीला काय होतंय? रोज पुसतात. आणि मॅडम तुझ्या मावशीच्या गावच्या हायत. तू बस, त्या विचारतील, तू सांग. म्हशींचं विचारलं तर मात्र आवरतं घे. तू चंद्रीवर सुरू झालीस की दुसऱ्या कुणाची मुलाखत व्हायची नाही.

आई : गप. चेष्टा करालीस व्हय?

संयोगिता : चेष्टा नाही. ऐका आता दोघं. मी ठरवलंय, विचारत नाही, सांगतेय. शनिवारी गार्गीला घेऊन आई जाणार. इरकल आई नेसणार. काकूला फोन मी करते, साडी इस्त्रीवाल्याकडनं आणून द्या म्हणून. काकूचा दोन लिटरचा रतीब चालू ठेवायचा का, ते आई ठरवंल. मी गणवेशात येणार, कॅप्टनचा बॅज लावून. पप्पा, तुम्हाला यायचं असेल तर या.

पप्पा : आणि गेटवर? आत्ताच्या माणसानं पण विचारलं, “या कोण?” म्हणून, तर?

संयोगिता : तुम्ही काही बोलू नका. उत्तर गार्गी देईल. आजपासून रोज मी तिला तेवढंच शिकवणार आहे. गोळी न देता.