माही किडनी

— नाई भाऊ, अपघाताचे टाके नाईत हे. किडनी काढली. दीड वर्ष झालं, पोरीले देल्ली. जागृती. अंदर हाय, काचेच्या खोलीत. पुलगावच्या मिलमध्ये उभ्यानं जिंदगी काढली म्या, कोनापुढं हात पसरला नाई — तिच्यासाठीही नाई. माही काढा म्हटलं. आमच्या देवळी गावात समद्यायले सदरा वर करून दाखवलं.

आता? आता फुफ्फुसात बुरशी झाली. हो, बुरशीच — शिळ्या भाकरीवर येते ना, तशी. कशानं म्हनता? किडनीपायीच. पराई किडनी अंगानं मारू नये म्हनून रोजच्या गोळ्या असतात, त्या अंगातल्या, रोगाशी लढनाऱ्या शिपायायले झोपवून ठेवतात. शिपाई झोपले, बुरशी घुसली. औषध हाय ना, सलाईनमधून चढवून राह्यले. पन डॉक्टरीणबाईनं सांगतलं — बाबाजी, हे औषध बुरशीचं कवच ढिलं करते, तिले उघडी पाडते, मंग शिपाई तिले ओळखतात आन मारतात. एकट्या औषधानं भागत नाई. शिपाई जागे करा लागतील, त्या गोळ्या थांबवू. किडनी जाईल कदाचित, पोरगी वाचू शकते.

म्या? नाई म्हटलं. औषध वाढवा, किडनीले धक्का नको. जावई अश्वजित गरीब मानूस — मामाजी म्हनतील तसं, म्हने. सही त्याची, हुकूम माहा. चार दिवस असंच चाललं. काऊन नाई म्हटलं म्हनता? दुसरी देता येत नाई ना भाऊ, एकच उरली — असं जावयाले सांगतलं. खरं कारन ते नाई. म्या देल्लेली वस्तू, ते फेकून देनार... मले सोसलं नाई. पोरगी तापात होती, तरी बोलली — बाबा, थांबवा ना गोळ्या, मी राहीन डायलिसिसवर. म्या म्हटलं, चूप राह्य. गोळ्या माह्या हातानं चारल्या तिले — दोन्ही टाइम.

आज सकाळी हो म्हटलं. डॉक्टरीणबाईनं कागद घेतला, माह्याकडं पाह्यलं नाई. उशीर झाला का, म्या इचारलं नाई. आता पोरीच्या तोंडात श्वासाची नळी हाय, बोलत नाई. नळी घालायच्या आंधी नर्सले एवढंच म्हने — माह्या बाबाले कोनी बोलू नका.

— हात काढा खांद्यावरून. काढा म्हनतो ना. उठा, तिकडचं बाकडं रिकामं हाय.