पाहुण्यांची कपबशी

मला ग्लासात चहा दे रे, ही कपबशी नको. का, ते ऐक.

परळच्या टॉवरमध्ये माझ्यासोबत लिफ्टचं काम करणारा हरीश बिहारहून आला, तेव्हा त्याचा पगार माझ्या निम्मा होता. गणपतीत आम्ही सगळे कोकणात पळायचो, आमच्या ड्युट्या तो करायचा. यंदा त्याचा पगार माझ्याएवढा झाला.

म्हटलं, "च्यायला, आता तरी छठपूजेला घरी जा!"

गेला, पण सुट्टी संपायच्या आधीच परत.

"काय रे, करमलं नाही?"

"भाभीने कपबशीत चाय दिली, भाऊ. घरचे सगळे ग्लासात पीत होते. आमच्याकडे कपबशी पाहुण्यांसाठी काढतात."

गणपतीला गेलो की माझी वहिनीही माझ्यासाठी कपबशीच काढते.