ऊसतोडीच्या टोळीवर गेलेली गिरणी

मी भिवराबाई आसाराम शिनगारे, वय ५२, धंदा शेतमजुरी व महिला बचत गटाची अध्यक्ष, रा. डोंगरवाडी, ता. धारूर, जि. बीड. समक्ष हजर राहून जबाब देते की, आमच्या गटाची पिठाची गिरणी चोरीला गेल्याची तक्रार परवा मीच दिली होती. चोर सापडला असून ती माझी सून मनिषा आहे.

मनिषाच्या हातचा कोयता सुटावा म्हणूनच आम्ही गिरणी घेतली. पुढारी बोलावले, फीत कापली, माझे भाषण झाले. दिवाळी सरली आणि सगळे गाव माजलगावकडे ऊस तोडायला गेले. जाताना लोकांनी ज्वारी-बाजरीची पोतीही सोबत नेली. माझा जन्म ऊसतोडीत गेला, तरी हे मला आधी सुचले नाही. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांचे दळण ते किती? मी रोज गिरणी पुसून खुर्चीत बसायचे. मनिषाने परत कोयता घेतला.

जाताना ती म्हणाली होती, "आत्या, गिऱ्हाईक तिकडं चाललंय. आपण हितं काहून बसायचं?" त्यावर अध्यक्ष कोण आहे, असे मी तिला विचारले. तेव्हापासून आमचे बोलणे बंद होते.

मागच्या आठवड्यात मी माहेरी गेले. परत आले तर गिरणी नाही. कुलूप जागेवर, खोली झाडलेली, उद्घाटनाचा हार खुंटीला नीट टांगलेला. दुसरी चावी मनिषाकडे होती. तरी मी 'अनोळखी इसम' असे सांगितले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि तो वळसा पोलिसांनाही पडला.

गिरणी आमच्या गावच्या ऊसतोड टोळीजवळच्या एका हॉटेलच्या शेडमध्ये चालू स्थितीत मिळाली. ती नेल्यापासून मनिषाने कोयता धरलेला नाही. आत्ता ती समोर बाकावर बसली आहे, भुवयांवर पीठ आहे. सांगून का नेली नाहीस, असे मी विचारले. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर नेऊ दिली असती का?" मला माझीच लाज वाटते.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. जप्त केलेली गिरणी गावाकडे न पाठवता मनिषाच्या ताब्यात द्यावी. गिरणीत टोळीतल्या बायांचे अर्धवट दळण अडकले आहे, संध्याकाळच्या भाकरी त्यावर आहेत. मनिषा मला नेणार असेल तर मीही सोबत जाणार आहे.

जबाब मला वाचून दाखवला. ऐकताना बरे वाटले नाही, पण मी सांगितला तसाच आहे. फक्त वर लिहिलेला माझा पत्ता टोळी परतेपर्यंत, म्हणजे गुढीपाडव्यापर्यंत, चुकीचा समजावा.