असेसराचं मत

– नाही नाही बापू, तसं नसते ते. पुस्तकात असन, कोर्टात नसते. बस, बस या बाकड्यावर. शेगावाहून नागपूरची गाडी कधी वेयेवर आली काय? वकिली शिकाले चालला नं तू? मंग या उकंडराव पाटलाले इच्यार. म्या कायदा वाचला नाही, पन कायद्याच्या मांडीले मांडी लावून बसलो आहो. खोटं वाटते? असेसर होतो मी, असेसर! म्हंजे काय, सांग बरं? पाह्य, पह्यल्याच पानावर अडला. अबे, खुनाचा खटला सेशन जजपुढं चालते, तवा त्याच्या बाजूले मुलखातले दोन भले मानसं खुर्चीवर बसवतात – सगयं आयका, अन् शेवटी सांगा, आरोपी दोषी का निर्दोष. जजसाहेब ते मत आयकते. मानते काय? मानलंच पाह्यजे असं नाही. आयकाचं बंधन आहे, मानाचं नाही – माह्या घरात घरवालीच्या मताचं आहे तसं.

वीसेक वर्सं झाले असतीन. बुलढाण्याले सेशन बसलं. पिंजऱ्यात कोन? पुंजाजी म्हनून एक शेतकरी, मोताळ्याजवयचा. बाजारच्या दिवशी, दिवेलागनीले, याच्या शेजाऱ्याले कोनं तरी कुऱ्हाडीनं मारलं. दोन दिवस आधी ढोरं वावरात घुसले म्हनून दोघायचं भांडन झालतं. भांडन पाहनारे बारा, मारतांना पाहनारा एक नाही. आता इथं कायदा काय म्हन्ते? शाबीत कराचं ते सरकारनं, आरोपीनं नाही. अन् शंका उरली, त तिचा फायदा आरोपीले. हे जजसाहेबानं आमाले सकाईच समजावून सांगतलं – लई चांगलं सांगतलं, तवा मी जागा होतो.

हाव, मंग लागला जरासा डोया. त्यात काय? एप्रिल महिना, दुपारचं जेवन झालेलं, अन् वरचा पंखा ओढनारा गडी, एरवी ऊंघनारा, नेमका त्या दिवशी मन लावून ओढत होता – सारी चूक त्याची! उठलो तवा वकील खाली बसून राह्यले होते अन् जजसाहेब माह्याकडं पाहून राह्यला होता. "पाटील, तुमचं मत?" आता काय सांगाव? झोपलो होतो, फेर सांगा – असं म्हनू? लाल पटक्याचा पाटील, दोनशे लोकायपुढं? म्हनलं, दोषी. काऊन दोषी? आता... तोंडच तसं होतं त्याचं. दुसरे असेसर नारायणराव, सरकीचे व्यापारी. ते म्हनले, पाटील म्हन्तात तेच माहं. जजसाहेबानं लिहिलं, असेसरांशी मी सहमत आहे. झालं पुंजाजीले कायं पानी.

परत येतांना आमी दोघं एकाच बैलगाडीत. बुलढाणं सुटलं नसन, त नारायणराव इच्यारते, "पाटील, ते सुईन खोटं बोलून राह्यली हे तुमी कसं वयखलं?"

म्हनलं, "कोनती सुईन?"

हासू नको बे. सत्यभामाबाई, रोहिणखेडची. शपथेवर सांगून गेलती – पुंजाजीची बायको अडली होती, तो मले न्याले आला, दिवेलागनीले माह्या अंगनात उभा होता. नारायणरावाले पटलं होतं ते! पन पाटील म्हन्तात, म्हंजे पाटलाले आतलं काही ठाऊक असन. त्यानं बैलं थांबवले. म्हने, मागं फिरू, साहेबाले सांगू. म्या म्हनलं, कोर्ट उठलं आता. अन् साहेबाचा बंगला, बापू, तिथून दिसत होता.

मंग अपील. अपील म्हंजे वरचं कोर्ट मानूस पाहत नाही, कागद पाहते. आता नागपूरले हायकोर्ट झालं, तवा ज्युडिशियल कमिशनर होता. त्यानं काय लिहिलं? – मानसायची पारख असलेल्या दोन प्रतिष्ठित असेसरांनी सुईनीची साक्ष आयकली, अन् नाकारली. आयकली! माही डुलकी बुलढाण्याहून नागपूरले गेली अन् प्रतिष्ठित झाली. मंग माहा काय दोष? मत बंधनकारक नव्हतंच. कोनतं कलम लागन मले? सापडनार नाही – दोन वकिलायले इच्यारलं आहे म्या, तिसऱ्याले काल.

पुंजाजी? अंदमानातच वारला, तिसऱ्या वर्सी. सुईनीले न्याले गेलता, त्याच दिवशी पोरगी झालती त्याले. पाहली काय त्यानं, कोनाले मालूम.

अन् पाच वर्सामागं माही सून अडली. मुलखात सुईन एकच, गाडी पाठवा लागली. आली सत्यभामाबाई. नातू झाला, सून वाचली. लुगडं देऊ लागलो, त घेतलं नाही. म्हने, "पाटील, साक्षीच्या दिवशी मले लई भेव वाटत होतं. सारे वकील हासत होते. तुमी एकटेच डोये मिटून बसले होते. वाटलं, हा मानूस मन लावून आयकून राह्यला, म्हनून तुमच्याकडंच पाहून बोलली मी. तरी तुमाले खोटं वाटलं. माहं बोलतांना कुठं चुकलं, पाटील? इतके वर्सं इच्यार करून राह्यली, सांगा बरं."

मी काय सांगतलं?

असे सवाल इच्याराची सनद मियाली नाही तुले अजून. ऊठ, गाडी आली.